फुकट सॉफ्टवेअर, पण डागडुजी कोणाची?

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या शिवारात शेतीची वीज रात्री-अपरात्री आली, तर विहिरीवर न जाता घरूनच मोटार चालू करता यावी, एवढीच शेतकऱ्याची अपेक्षा असते. त्यासाठी स्टार्टरच्या पेटीत नखाएवढी चिप बसवतात. ती इंटरनेटला जोडायची, तर टपालखात्याची शिस्त हवी. निरोपाची पाकिटे करायची, पत्ता घालायचा, पोच घ्यायची, हरवले तर पुन्हा पाठवायचे. हे करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘नेटवर्क स्टॅक’ म्हणतात.

घरच्या संगणकाजवळ स्मृती भरपूर असते. या चिपजवळ मोजके किलोबाइट. म्हणून या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्स यांनी ‘एलडब्ल्यूआयपी’ आणि त्याहून लहान ‘यूआयपी’ हे दोन स्टॅक लिहून सर्वांना खुले केले. यूआयपी काहीशे बाइटांत भागवतो. पण एक पाकीट पाठवले की पोच येईपर्यंत थांबतो. मोटार चालू-बंद करायला तेवढे पुरे. एलडब्ल्यूआयपीला काही दहा किलोबाइट लागतात, पण तो वेगवान आहे.

दुसरा प्रश्न परवान्याचा. या दोघांचा बीएसडी परवाना उदार आहे. यंत्र बनवणाऱ्याला स्वतःचा कोड उघड करावा लागत नाही. जीपीएल परवान्याचा स्टॅक घेऊन यंत्र विकले, तर मात्र त्यासोबत जोडलेला कोडही द्यावा लागतो.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. डागडुजी कोण करणार? संशोधकांनी सात खुले स्टॅक तपासून डिसेंबर २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर केले. यूआयपीसह चार स्टॅकमध्ये मिळून ३३ दोष सापडले. एलडब्ल्यूआयपीमध्ये त्या तपासणीत एकही सापडला नाही. म्हणून तो निर्दोष ठरत नाही, पण त्याची देखभाल चालू आहे. यूआयपीच्या जुन्या प्रती मात्र कितीतरी यंत्रांत तशाच पडून होत्या. विकतचे घेतले म्हणजे सुटलो, असेही नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ‘ट्रेक’ या विकतच्या स्टॅकमध्ये १९ दोष उघड झाले होते.

अशा दोषातून परका माणूस पेटी बंद पाडू शकतो. ऐन पाण्याच्या पाळीला ते पिकावर बेतते. तेव्हा बनवणाऱ्याने स्मृती आणि परवाना पाहावाच, पण ज्याची देखभाल चालू आहे तोच स्टॅक निवडावा. आणि घेणाऱ्याने दुकानात एकच प्रश्न विचारावा : उद्या दुरुस्ती निघाली, तर ती माझ्या विहिरीवरच्या पेटीपर्यंत कशी पोहोचणार?