वाळलेल्या डहाळीची साक्ष

वनस्पतिसंग्रहालयांतील एखादा जुना कागद हातीं घेतला, तर प्रथम थोडी निराशाच होते. दाबून वाळविलेली एक डहाळी, रंग उडालेलीं दोनचार फुलें, आणि कोपऱ्यांत चिकटविलेली लहानशी चिठ्ठी: स्थळ, दिनांक व गोळा करणाराचें नांव. परंतु खरें मोल त्या चिठ्ठीचें असतें. ती नसेल तर डहाळी म्हणजे निव्वळ काडीकचरा!

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं यूटा संस्थानाच्या दक्षिणेस कोलोरॅडो नदीनें तांबड्या खडकांत खोल दऱ्या कोरल्या आहेत. त्या रखरखीत मुलुखांत शेंगावर्गांतील एक जांभळ्या फुलांचें झुडूप उगवतें. १८७२ सालीं एलन पॉवेल टॉम्प्सन या बाईंनीं कनाब गांवाच्या परिसरांत हिंडून वनस्पती गोळा केल्या. त्यांचे बंधु जॉन वेस्ली पॉवेल हे त्या नदीच्या शोधमोहिमेचे नायक, आणि पति मोहिमेचे नकाशाकार. १८९७ मध्यें ॲना मरे व्हेल या विदुषींनीं या झुडुपाला टॉम्प्सनबाईंचें नांव दिलें. पुढें त्याचें कुळनाम बदललें. आज त्यास ‘सोरोथॅम्नस’ म्हणतात. ग्रीक भाषेंत याचा अर्थ खरजेलें झुडूप! अंगावरील ग्रंथींच्या ठिपक्यांवरून तें पडलें. नांव बदललें कीं कागदावर नवी चिठ्ठी डकवितात. जुनी मात्र कोणी काढीत नाहीं.

१९६३ सालीं तेथें ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे मिटले. बंधूंचें नांव मिरविणारा पॉवेल जलाशय १९८० मध्यें तुडुंब भरला, आणि दरीचा तळ बुडाला. बुडण्यापूर्वीं यूटा विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं तेथील वनस्पतींची पाहणी करून ठेवली होती. २०२३ च्या आरंभीं अवर्षणानें पाणी इतकें ओसरलें कीं, जलाशय भरल्यापासून तें कधींच एवढें खालीं गेलें नव्हतें. उघड्या पडलेल्या त्या जमिनीवर पुनः अंकुर दिसूं लागले. यांतील मूळचे रहिवासी कोण आणि उपरे कोण? नदीस हें विचारतां येत नाहीं. उत्तर देतात ते संग्रहालयांतील जुने कागद.

आपल्या घरचीं मुलें पुस्तकांत पिंपळाचें पान जपून ठेवतात. त्यांस एवढेंच सांगावें: बाळांनो, पानाशेजारीं गांव आणि तारीख तेवढी लिहा. झाड उद्यां नसेल; पण तें होतें, हें कोणीतरी सांगावयास हवें.