निमगाव जाळीचा संशयित : स्वागताध्यक्षीय भाषण



जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. कागदावर मी तेच लिहितो, पण एसटीत तिकीट काढताना तोंडातून अजून ‘नगर’च निघतं. आज दोन्ही येतील, सांभाळून घ्या. स्वागताध्यक्षाने निधी जमवावा, पाहुण्यांना अंघोळीला गरम पाणी मिळतं की नाही ते बघावं आणि माइकपासून लांब राहावं, असं आमच्या कार्यवाहांचं मत आहे. पहिली दोन कामं केली. तिसरं जमणार नाही, कारण मी पेशाने वकील आहे.

इतिहास, प्रेम आणि रहस्य या तिन्ही धाग्यांनी विणलेली कादंबरी हा आपल्या परिषदेचा विषय. याच शहरात १९९७ साली ७०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ना. सं. इनामदार. लोक त्यांना ‘राऊ’चे लेखक म्हणून ओळखतात. नगर जिल्ह्याशी त्यांचं नातं मात्र त्याहून जुनं. ‘झेप’ ही त्यांची पहिली कादंबरी, आणि तिचा नायक त्रिंबकजी डेंगळे आमच्या संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीचा. दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात, आणि इंग्रजांच्या दप्तरातला खुनाचा संशयित.

प्रकरण असं. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर बडोद्याहून पुण्याला आले. पेशवे आणि गायकवाड यांच्यातल्या जुन्या येणेबाकीचा हिशेब मिटवायचा होता. बाजीरावाने शास्त्र्यांना इतकं जवळ केलं, की स्वतःची मेहुणी त्यांच्या मुलाला द्यायचं ठरलं आणि नाशकात लग्नाची तयारीही लागली. मग शास्त्र्यांनी पाय मागे घेतला. पेशव्यांच्या वाड्यातल्या रंगढंगांमुळे आपल्या पत्नीला तिथे पाठवायलाही त्यांनी नकार दिला, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. २० जुलै १८१५च्या रात्री पंढरपुरात विठोबाच्या दर्शनाला चलावं, म्हणून त्यांना निरोप गेला. अंगात कणकण होती, त्यांनी नाही म्हटलं. पुन्हा आग्रह झाला, तेव्हा मोजके नोकर घेऊन ते गेले. परतताना मागून तिघं जण ‘वाट द्या, वाट द्या’ असं ओरडत धावत आले. एकाच्या हातात पिळलेल्या फडक्यासारखं काहीतरी दिसत होतं. त्यातूनच वार झाला.

बोट त्रिंबकजीकडे गेलं. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने जबाब गोळा केले, बाजीरावाला माणूस हवाली करायला लावला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं. खटला मात्र कधी उभाच राहिला नाही. उलटतपासणी नाही, बचावाचा साक्षीदार नाही. त्रिंबकजीने खून करवला की नाही? करवला असेल, तर कोणाच्या शब्दावरून? माझ्यासारख्याला ही फाईल अजून अस्वस्थ करते.

पुढचा भाग कोणी कल्पनेने लिहिला असता, तर संपादकाने ‘अतिरंजित’ म्हणून परत पाठवला असता. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते, आपल्यातला कोणी फितूर होऊ नये म्हणून. एका साहेबाचा मोतद्दार कैद्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाणी म्हणायचा. सुटकेचा बेत त्या गाण्यांतच होता. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता, त्यांना ते नेहमीचं गुणगुणणं वाटलं. सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी पसार झाला. पुढे पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारला.

मंडळी, ऐतिहासिक कादंबरीतलं रहस्य मला असं आवडतं. कागद जिथे बोलायचे थांबतात, तिथे लेखकाने बोलायला लागावं. हल्ली दर तिसऱ्या कादंबरीत किल्ल्यातून भुयार निघतं, भुयारात पेटी, पेटीत नकाशा. अद्भुताला माझा विरोध नाही. नाथमाधवांनी ‘वीरधवल’मध्ये ते मनसोक्त रंगवलं, पण तो इतिहास आहे असा आव आणला नाही. आज आव आधी येतो.

प्रेमाच्या बाबतीत तर दप्तर आणखी कंजूष. हुंड्या, सनदा, मोहिमांचे खर्च सापडतील, बायकांच्या मनातलं काही सापडत नाही. थोरले बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात अडकवून ठेवलं, एवढं कागद सांगतात. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव रावेरखेडीला गेले आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. कशाने गेली, हे नक्की सांगणारा कागद नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला तिची कबर आहे. या दोघांवरच्या ‘राऊ’ची ताकद या रिकाम्या जागेत आहे, असं मला वाटतं. तिथे प्रेम आणि रहस्य वेगळे काढताच येत नाहीत.

आता यजमान म्हणून थोडा स्वार्थ. मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी १६०० साली त्याच किल्ल्यात स्वतःच्याच माणसांकडून मारली गेली. ती शत्रूला फितूर झाली, अशी आवई उठली होती. ती उठवली कोणी, का आणि कोणाच्या फायद्यासाठी? लोकांनी मात्र तिला तेजाबाच्या विहिरीत उडी घ्यायला लावून प्रश्नच मिटवला. ज्याला आपण ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो, ती शहा डोंगरावरची अष्टकोनी तीन मजली इमारतही तिची नाही. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. ज्या बाईच्या नावावर दुसऱ्याची कबर खपून गेली, तिच्यावर अजून पुष्कळ लिहायचं राहिलं आहे.

तेव्हा लेखकांना विनंती एवढीच. आमच्या जिल्ह्यातल्या या फायली उघडा, हवं तेवढं प्रेम आणि रहस्य त्यांत घाला. फक्त पुस्तकाच्या शेवटी दोन पानं अशी द्या, की त्यात कागदावरचं किती आणि तुमच्या मनातलं किती, हे वाचकाला कळेल. आणि प्रकाशकहो, खर्च वाचवायला तीच दोन पानं कापू नका.

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं अहिल्यानगरात, म्हणजे आमच्या नगरात, मनापासून स्वागत.