तोंडावरून ठरवू नका, विचारा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावांत, वाड्यावस्त्यांवर, भाकरी थापता थापता किंवा कांदा निवडता निवडता आमचं बोलणं ऐकणाऱ्या सगळ्या मावश्या, काकू, ताया आणि सुनांना आमचा रामराम.

आज आधी आमची एक चूक सांगतो. आमच्या बचत गटात एक बाई होती. नाव सांगत नाही. कर्ज आधी कुणाला द्यायचं यावरून तिची नि बाकीच्यांची एकदा बोलाचाली झाली. त्यानंतर दर महिन्याच्या बैठकीत वही पुढं केली, की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. डोळे बारीक, ओठ घट्ट मिटलेले. सही करून ती वही सरकवून द्यायची. आम्ही म्हणायचो, "बघा, अजून राग धरून आहे. किती तोंड वाकडं करते!" मग तिच्याशी बोलणं कमी झालं. शेळीसाठी तिनं कर्ज मागितलं, तेव्हा आम्ही तिचा अर्ज मागं ठेवला. दोन महिन्यांनी ती यायचीच थांबली.

पुढं गावात डोळे तपासणीचं शिबिर झालं. तिला जवळचं दिसतच नव्हतं! वहीतले आकडे दिसावेत म्हणून ती डोळे बारीक करायची, त्यानं कपाळाला आठ्या पडायच्या. चष्मा लागला आणि आठ्या गेल्या. आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्ही कुणी विचारलंच नाही." ती आमच्या गटात परत आली नाही. शेजारच्या वाडीतल्या गटात गेली.

आम्हाला वाटत होतं, आम्ही तिचा चेहरा वाचतोय. खरं तर आम्ही जुनं भांडण वाचत होतो.

असं का होतं? मुलगी सासरी निघते तेव्हा आई रडते. मयताच्या घरीही बाई रडते. दोघींचा फक्त चेहरा कापून समोर ठेवला, तर कोणती कुठली हे सांगणं अवघड. मांडव दिसला, हळदीचे हात दिसले, की लगेच कळतं. मेंदू नुसता चेहरा बघत नाही. जागा कोणती, सोबत कोण, आवाज कसा, अंगाची ठेवण कशी, त्या माणसाबद्दल आधी काय ऐकलंय, हे सगळं एकत्र करून तो अंदाज बांधतो. तेही इतक्या झटपट, की आपल्याला तो अंदाज वाटतच नाही, डोळ्यांनी पाहिलेलं खरं वाटतं.

हा अंदाज उपयोगाचाही असतो. आपल्या भागात संध्याकाळी उसाच्या कडेनं कुणी डोळे विस्फारून पळत आलं, तर "काय झालं?" विचारायच्या आधीच मनात बिबट्या येतो आणि आपण पोराला उचलून घरात शिरतो. तेच विस्फारलेले डोळे मुलीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी दिसले, तर आपण पेढे आणायला निघतो.

शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाचे सिनेमा दिग्दर्शक होते. त्यांनी एका नटाचा काहीही भाव नसलेला चेहरा घेतला आणि त्याला तीन वेगवेगळी चित्रं जोडली. एकदा सूपची बशी, एकदा शवपेटीतली बाई, एकदा खेळणारी लहान मुलगी. लोक म्हणाले, काय अभिनय केलाय! सूप बघून विचारात पडला, बाईसाठी दुःखी झाला, मुलीकडं बघून हसला. चेहरा मात्र तिन्ही वेळा तोच होता. ही हकीकत त्यांचे विद्यार्थी पुडोव्हकिन यांनी लिहून ठेवली आहे. २००६ साली लंडनच्या संशोधकांनी असाच प्रयोग केला आणि त्या वेळी माणसांच्या मेंदूचं चित्रण केलं. आधी दाखवलेल्या दृश्यानुसार त्याच चेहऱ्याचा अर्थ लोकांनी वेगळा लावला आणि मेंदूतली हालचालही बदलली.

२०१२ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. टेनिसमध्ये मोठा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या खेळाडूंचे फोटो घेतले. नुसते चेहरे दाखवले, तेव्हा जिंकलं कोण, हरलं कोण हे लोकांना ओळखता येईना. अंग आणि हात दाखवले, की ओळखता आलं. गंमत म्हणजे, लोकांना वाटत होतं आपण चेहऱ्यावरूनच ओळखतोय.

टेनिस आपल्याकडं कोण बघतंय? बैलगाडा आठवा. घाटात बारी चांगली झाली की गाडामालक तोंड वासून, डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडतो. तेवढाच चेहरा बघितला, तर वाटेल याचा पाय गाड्याखाली आलाय. उधळलेला भंडारा आणि वर गेलेले हात बघितले, की आनंद कळतो.

आता आपल्याच मातीतली गोष्ट. आपलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. त्याच गावाचं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी महाराष्ट्रभर नेलं. २००२ साली त्या गेल्या, पण त्यांची एक गोष्ट आजही सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. पोट दिसेना, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. काय घडलं ते कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवायला लावला.

आम्हाला या गोष्टीत एक प्रश्न पडतो. कळा येत असताना त्या माउलीच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलंच असेल ना? पण समोर ढोलकी, घुंगरू, दिवे, नऊवारी, रंगवलेलं तोंड. अशा वेळी ओठ चावला तरी बघणाऱ्याला ती अदाच वाटणार. लोक वाईट नव्हते, कळल्यावर त्यांनी हात जोडले. पण कळेपर्यंत त्यांना तमाशाच दिसत होता.

मैत्रिणींनो, असा बोर्ड आपल्या घरातही असतो. "सून म्हणजे तोंड फुगवणारच" असं मनात पक्कं असलं, की तिचा थकवा आपल्याला रुसवा दिसतो. "ही तर कायम हसतमुख" असं ठरवलं, की तिच्या हसण्यामागचा मार दिसत नाही. "म्हातारीची सवयच आहे कुरकुरीची" म्हटलं, की सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं दिसत नाही.

चेहरा बघूच नका, असं आमचं म्हणणं नाही. बघा, पण निकाल देऊ नका. आमच्या गटानं चूक झाल्यावर तीन गोष्टी ठरवल्या, त्या सांगतो.

पहिली, कुणाच्या तोंडावरून ठराव करायचा नाही. कर्ज नाकारायचं तर कारण हिशेबातलं हवं, आणि ते वहीत लिहायचं.

दुसरी, कुणी सलग दोन बैठकांना गप्प किंवा त्रासलेली दिसली, तर एकीनं तिला बाजूला घेऊन विचारायचं. चारचौघींत नाही. "रागावलीस का?" असं तर मुळीच नाही, कारण त्यात आपला अंदाज आधीच शिरलेला असतो. "काय गं, बरं आहे ना?" किंवा "काकू, काही दुखतंय का?" एवढं पुरे.

तिसरी, ती "काही नाही" म्हणाली, तरी पुन्हा एकदा विचारायचं, आणि घराबाहेर. पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर. घरातल्यांसमोर हसणारी बाई तिथं वेगळं बोलते. मारहाणीची गोष्ट निघाली, तर महिलांसाठीच्या १८१ या नंबरवर फोन करता येतो, हे तिला सांगायचं आणि फोन करताना सोबत बसायचं.

पुढच्या बैठकीत एक खेळ करून बघा. मोबाईलमधले लग्नाचे, जत्रेचे, सामन्याचे फोटो घ्या. हातानं झाकून फक्त चेहरा ठेवा आणि एकमेकींना विचारा, ही हसतेय की रडतेय? मग हात काढा. किती जणी चुकल्या ते मोजा आणि आम्हाला कळवा. आम्ही केला, तेव्हा आमच्या सचिवबाईंनी स्वतःच्याच लेकीच्या पाठवणीतला स्वतःचा चेहरा ओळखला, पण भाव "शिंक आली असेल" असा सांगितला!

चला, आज इथंच थांबतो. सगळ्यांना रामराम.