वेला : समुद्राची मर्यादा आणि लाटेची धाव



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात भाषा आणि शास्त्र यांच्यामध्ये भिंत नसे, असे त्यांचे विद्यार्थी आवर्जून सांगतात. तोच आधार घेऊन, जन्मभर भाषेचा अभ्यास केलेला मी आज समुद्राविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. भरतीच्या वर लाट वाळूवर किती चढेल, हे आधी सांगता येते काय, हा माझा विषय.

आरंभ शब्दापासून करतो. अमरकोशात ‘वेला’ या शब्दाला तीन अर्थ दिले आहेत : समुद्राच्या पाण्याची चढ-उतार, काळ आणि मर्यादा. मराठीने त्यातला काळ उचलला आणि ‘वेळ’ हा शब्द घडविला. कोकणीने किनारा जवळ केला. तिथे ‘वेळ’ म्हणजे समुद्राची पुळण. पाणी, काळ आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदत होत्या, आणि लाटेच्या धावेचा प्रश्नही नेमका या तिहींचाच आहे.

आपल्या नार्व्याला समुद्र नाही. पण त्याचा श्वास इथवर पोचतो. मांडवीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व उतरते. ज्या नदीपलीकडच्या दिवाडीहून श्रीसप्तकोटेश्वर इथे आला आणि १६६८ साली ज्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला, त्या नदीला भरती-ओहोटी आहे. खाजनाचे बांध आणि मानशी आपल्या पूर्वजांनी या ज्ञानावरच उभारल्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. चंद्रसूर्यांची गती ठरलेली, म्हणून भरतीचे कोष्टक वर्षभर आधी छापता येते. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत सुमारे सव्वादोन मीटरांचा फरक पडतो.

परंतु पेडण्यात केरी, हरमल, मांद्रे किंवा मोरजीच्या पुळणीवर उभे राहिले की हे कोष्टक अपुरे पडते. भरती पाण्याची पातळी सांगते. त्या पातळीवरून लाट वर धावते, ती किती, हे सांगत नाही. भरती पंचांगासारखी आहे, लाट पाहुण्यासारखी. ती शेकडो कोस दूरच्या वाऱ्याने जन्मते आणि आपल्या दारी येऊन फुटते.

या धावेचा हिशेब मांडण्याचे प्रयत्न जुने आहेत. समुद्राला बांध घालून जगणाऱ्या डच लोकांनी एक व्यवहारी माप रूढ केले : शंभरांपैकी दोनच लाटा जिच्या पलीकडे जातील, ती उंची धरून बांध घालावा. प्रत्येक लाट अडविण्याची प्रतिज्ञा त्यात नाही. किती धोका पत्करायचा याचा प्रामाणिक उच्चार आहे. १९५९ साली हंट या अभियंत्याने लाटेची उंची, तिची लांबी आणि उताराचा चढ यांतून धावेचे सूत्र मांडले. पुढे अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरील आणि नेदरलँड्समधील प्रत्यक्ष मोजमापांच्या आधारे स्टॉकडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली वालुकामय किनाऱ्यांसाठी जे सूत्र दिले, ते आज जगभर वापरले जाते.

अत्यंत सपाट पुळणीसाठी त्या सूत्राचे रूप शाळकरी मुलालाही झेपेल इतके सोपे आहे. खोल समुद्रातील लाटेची उंची व लांबी मीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ०.०४३ ने गुणावे. लांबी मोजायला नौका नको. दोन लाटांमधील सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणले की ती मिळते. आता एक मीटर उंचीची लाट घ्या. ती दर दहा सेकंदांनी येत असेल तर धाव सुमारे ५४ सेंटिमीटर उंच. तीच एक मीटरची लाट अठरा सेकंदांनी येत असेल तर ९७ सेंटिमीटर. पुळणीचा चढ ऐंशी मीटरांना एक मीटर असेल, तर पहिली लाट भरतीच्या रेषेपासून सुमारे ४३ मीटर आत येईल आणि दुसरी ७८ मीटर. डोळ्याला दोन्ही लाटा सारख्याच उंच दिसतात. फरक आहे तो केवळ वेळेचा. ‘वेला’ शब्दात काळ आणि मर्यादा एकत्र का बसले, याचे याहून सुंदर भाष्य मला ठाऊक नाही. पुळण अधिक चढणीची असेल, तर मात्र उताराचाही हिशेब धरावा लागतो.

हे केवळ गणित नव्हे. ३ डिसेंबर २०१७ रोजी दत्तजयंतीची पौर्णिमा होती, म्हणजे उधाण. त्याच सुमारास ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून गोव्यापासून दूर अंतरावरून उत्तरेकडे चालले होते. वादळ इथे आले नाही. त्याच्या लाटा आल्या. भरतीच्या माथ्यावर त्या स्वार झाल्या आणि पेडण्याच्या किनाऱ्यावरील शॅकमध्ये पाणी शिरले. केरळात याहूनही फसवा प्रकार घडतो. दक्षिण महासागरातील वादळांच्या लांब लाटा, स्थानिक वारा पडलेला असताना, किनाऱ्यावर चढतात. मल्याळम भाषेने त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे नाव दिले आहे. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आता अशा लाटांचा इशारा देते. त्यातील लाटेची उंची वाचून आपण थांबतो. तिच्यापुढील सेकंदांचा आकडाही वाचावा, एवढेच माझे सांगणे.

कायद्यानेही एक रेषा आखली आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियमनाखाली आणला. ही भरतीरेषा म्हणजे उधाणात पाण्याची सर्वोच्च रेषा जिथवर पोचते ती. वादळी लाटेच्या धावेचा वेगळा हिशेब या व्याख्येत नाही. २०११ च्या अधिसूचनेने आपत्तीरेषेची कल्पना आणली, हे स्वागतार्ह पाऊल होते. तथापि कागदावरची रेषा आणि वाळूवरची रेषा यांतील अंतर घर बांधणाऱ्याने, दुकान थाटणाऱ्याने स्वतः ओळखले पाहिजे.

मोरजीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते आणि ओल्या वाळूच्या वर चढून अंडी पुरते. पिले बाहेर पडायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. तेवढ्या काळात खारे पाणी पुन्हा पुन्हा घरट्यावर आले, तर अंडी कुजतात. तिच्यासाठी धावेचा अंदाज हा वंशाचा प्रश्न आहे. आपण पुळण दिव्यांनी आणि बांधकामांनी अडवितो, तेव्हा तिला वर सरकायला जागा उरत नाही. आणि समुद्राची पातळी वाढत असताना पुळणीलाही मागे सरकायला जागा राहत नाही.

परक्या किनाऱ्यांवर घडलेले सूत्र आपल्या वाळूवर पारखून घेतले पाहिजे. त्यासाठी मोठ्या यंत्रांची वाट पाहायला नको. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावे, पेडण्यातील शाळांना हाताशी धरावे आणि एक नोंदवही सुरू करावी. दर पौर्णिमा-अमावास्येला पुळणीवर ठरलेल्या खुणेपासून, लाटेने आणून टाकलेल्या काटक्या-शिंपल्यांच्या रेषेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. अकरा लाटांचे माथे मोजून, पहिल्यापासून अकराव्यापर्यंत लागलेल्या वेळेला दहाने भागावे. तिथी, तारीख आणि आकडा लिहावा. दहा वर्षांनी ती वही ग्रामपंचायतीपुढे ठेवली, तर तिचे वजन कोणत्याही भाषणापेक्षा अधिक भरेल.

आपल्या परंपरेने समुद्राला मर्यादेचा आदर्श मानले. शास्त्र सांगते की समुद्राला मर्यादा आहे, पण ती एका जागी स्थिर नाही. ती मोजावी लागते आणि मोजल्यावर मानावी लागते. बांध आणि मानस सांभाळणाऱ्यांच्या वंशजांना हे नवे वाटू नये.