चेहऱ्याची लिपी

(महोत्सवप्रसंगीं भरलेल्या पालकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आनंदांत आमच्याकडे बोलण्याची पाळी आली, तेव्हां एका जुन्या चुकीची कबुली देऊनच आरंभ करावा असें आम्हांस वाटलें. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत पूर्वीं एक मुलगा येत असे. शेजारचें मूल रडूं लागलें कीं हा त्याच्या तोंडाकडे पाहून हंसावयाचा. मुलगा दगडाच्या काळजाचा आहे, असा निवाडा करून आम्हीं त्यास दाराबाहेर उभें केलें. पुढें त्याची आई भेटली. मुलगा स्वमग्न असून, रडणारें तोंड व हंसणारें तोंड यांतील भेद त्यास उमगत नाहीं, असें तिनें सांगितलें. त्या दिवशीं घरीं जाऊन "त्याच्या गालांवर पाणी कां होतें?" असें तो पुन्हां पुन्हां विचारीत होता. आमची मान खालीं गेली. त्याला काळीज होतें. चेहऱ्याची लिपी तेवढी त्यास कोणी शिकविली नव्हती.

सन १९४३ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर कित्येक वर्षें, आईच्या मायेंत उणें पडल्यानें मूल असें होतें, असें विद्वान म्हणविणारेही सांगत. तें साफ खोटें ठरलें आहे. अशा मुलाच्या मेंदूची घडणच निराळी असते. इतर मुलें आईच्या कडेवर बसूनच तिच्या कपाळावरची आठी वाचूं लागतात. या मुलास तीच गोष्ट पाटीवर अक्षर गिरवावें तशी एकेक करून शिकवावी लागते.

ती कशी शिकवावी? इंग्लंडांतील केंब्रिज येथील प्राध्यापक सायमन बॅरन-कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं एक सुंदर युक्ति योजिली. पुष्कळ स्वमग्न मुलांस गाड्यांचा लळा असतो. कारण रुळावरची गाडी ठरल्या वाटेनेंच जाते, तर माणसाचा चेहरा क्षणोक्षणीं पालटतो. म्हणून त्यांनीं "द ट्रान्सपोर्टर्स" नांवाची चित्रमालिका सिद्ध केली. तींत ट्राम, नाव, ट्रॅक्टर इत्यादि आठ वाहनें असून त्यांस खऱ्या माणसांचे चेहरे बसविले आहेत. पंधरा भागांत आनंद, दुःख, राग, भीति, मत्सर, लाज अशा पंधरा भावना दाखविल्या आहेत. चार ते सात वर्षांच्या २० स्वमग्न मुलांनीं ती चार आठवडे रोज पाहिली. सन २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें, भावना ओळखण्याच्या परीक्षेंत हीं मुलें इतर मुलांच्या बरोबरीस आलीं. पुढील सर्वच प्रयोगांत इतकें यश आलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. चित्रांत ओळखलेला राग स्वयंपाकघरांत ओळखतां येईलच असें नाहीं.

म्हणून खरी शाळा घरींच भरली पाहिजे. एका वेळीं एकच भावना घ्यावी व तिचें कारण तिच्याबरोबर सांगावें: "दूध उतूं गेलें, म्हणून आई रागावली, बघ, तिच्या भुंवया कशा जवळ आल्या." मुलाचें खेळणें मोडलें तर, "तुला वाईट वाटत आहे," असें त्याच्याच भावनेस नांव द्यावें. ज्यास स्वतःचें दुःख ओळखतां येऊं लागलें, त्यास दुसऱ्याचें दुःख ओळखणें सोपें जातें. मात्र "माझ्या डोळ्यांत पहा" अशी सक्ति करूं नये; कित्येकांस ती फार जाचक होते.

आणखी एक गोष्ट. सन २०१२ मध्यें डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या इंग्रज विद्वानानें असें मांडिलें कीं, न समजणें हें दोन्हीं बाजूंचें असतें. तें मूल आपणांस ओळखीत नाहीं, तसे आपणही त्यास ओळखीत नाहीं. सणाच्या दिवशीं बँड वाजूं लागतांच जें मूल कान झांकून बाकाखालीं शिरतें, त्यास आपण हट्टी म्हणतों. तो हट्ट नव्हे. ती भीति आहे, आणि ती वाचतां न येणें हें आपलें अज्ञान आहे.

तेव्हां या महोत्सवीं वर्षांत आपणांस एवढीच विनंति कीं, पुढील बाकावर असें मूल दिसल्यास त्याच्या आईकडे वळून पाहूं नका. पाहिलेंच तर हंसून थोडी जागा करून द्या. तें हंसूं त्या मुलास कदाचित् वाचतां येणार नाहीं, पण त्याच्या आईस येईल.