परवाना कोणाच्या खर्चाने?



वसंत व्याख्यानमालेचा श्रोता संतकाव्यावर किंवा इतिहासावर काही ऐकायला मिळेल, या आशेने येतो. त्याला ‘ऊर्जा लेखापरीक्षकांचे परवाने आणि सरकारचा खर्च’ असा विषय दिला, तर त्याने घरची वाट धरली तरी त्याला दोष देता येणार नाही. तुम्ही बसून राहिलात, याबद्दल आधीच आभार मानतो.

विषय दिसतो तितका परका नाही. चिखलीच्या बाजार समितीच्या आवारापासूनच सुरुवात करू. शेतकरी सोयाबीन घेऊन येतो, अडत्या बोली लावतो, मापाडी माल मोजतो. हा मापाडी कोणीही वाटेल तो नसतो. १९६३ च्या पणन कायद्याप्रमाणे त्याला समितीचा परवाना लागतो. तो परवाना द्यायला कितीसा खर्च येतो? एक अर्ज, एक नोंदवही आणि एक शिक्का. पण काटा खरा आहे की नाही हे पाहायला माणूस नेमावा लागतो, वजने पडताळावी लागतात, तक्रार आली तर चौकशी करावी लागते. खरा खर्च तिथे आहे. शिक्का स्वस्त असतो, शिक्क्याची अब्रू महाग असते. आज मला जे सांगायचे आहे, ते सारे या एका वाक्यात आहे. पुढचा सगळा त्याचा विस्तार समजा.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. महाराष्ट्रात या कामासाठी महाऊर्जा ही संस्था नेमलेली आहे. जे कारखाने फार मोठी ऊर्जा वापरतात, त्यांना या कायद्याने ऊर्जा व्यवस्थापक नेमण्याचे आणि मान्यताप्राप्त परीक्षकाकडून तपासणी करून घेण्याचे बंधन घातले. त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा २००४ साली सुरू झाली. व्यवस्थापकाला तीन प्रश्नपत्रिका, परीक्षकाला चार. पदवीधर अभियंत्याला त्याआधी तीन वर्षांचा अनुभव हवा, पदविकाधारकाला सहा वर्षांचा.

आता यात सरकारचे किती जाते? परीक्षेचे शुल्क उमेदवार भरतो. सेवेबद्दल शुल्क घेण्याचा अधिकार कायद्यानेच ब्युरोला दिला आहे. तेव्हा एखादा हिशेबनीस म्हणेल, “उत्तम झाले! परीक्षार्थ्याच्या पैशात परीक्षा, तिजोरीला तोशीस नाही.” हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे.

बाष्पकाची गोष्ट घ्या. त्याचा कायदा १९२३ साली झाला, कारण बाष्पक फुटला की माणसे मरतात आणि आवाज गावभर जातो. १९५६ च्या वीज नियमांनी वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच झाले पाहिजे असे ठरवले, कारण चुकीची तार जीव घेते. तिथे निरीक्षकाच्या पगाराबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. परंतु ऊर्जेच्या नासाडीला आवाज नसतो. गळणारी वाफ हवेत विरते, जुनी मोटर गरम होते, बिल वाढते, मालक म्हणतो, “वीजच महागली!” जे दिसत नाही ते मोजणारा माणूस प्रामाणिक नसला, तर कोणाला कळणार?

माझ्याच अनुभवातले सांगतो. एका जिनिंग कारखान्याचा ऊर्जा तपासणीचा अहवाल माझ्या हाती आला. सुंदर बांधणी, रंगीत आलेख, ठसठशीत सही. बाराव्या पानावर सल्ला होता : ‘बाष्पकाच्या नळ्यांना वेष्टन घालावे.’ मी मालकांना विचारले, “बाष्पक कुठे आहे?” ते म्हणाले, “साहेब, आमच्या जिनात बाष्पक कधी नव्हताच!” दुसऱ्या कुठल्या कारखान्याचा अहवाल नाव बदलून त्यांच्या गळ्यात पडला होता. आम्ही दोघेही हसलो. पण हसून झाल्यावर ते म्हणाले, “यापुढे असल्या कागदाला एक रुपयाही देणार नाही.” मला तेव्हा वाईट वाटले ते त्या एका अहवालाचे नव्हे. उद्या खरा, कष्टाळू परीक्षक त्यांच्या दाराशी गेला, तर तोही परत पाठवला जाणार, याचे.

ही विश्वासाची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पण ती किती मोठी आहे, हे एका आकड्यावरून समजेल. मोठ्या कारखान्यांसाठीच्या बचत योजनेच्या पहिल्या फेरीत, म्हणजे २०१२ ते २०१५ या काळात, ४७८ घटकांना मिळून सुमारे ६६.८६ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेच्या बचतीचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात बचत ८६.७ लाख टनांची नोंदली गेली. लक्ष्याहून अधिक बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळतात आणि ती बाजारात विकता येतात. म्हणजे येथे परीक्षकाची सही ही जवळजवळ नोटेसारखी चालते. नोट छापणाऱ्याने कागदाचा खर्च वाचवण्यासाठी पहारेकरी काढून टाकला, तर त्याला काटकसर कोण म्हणेल? फेरतपासणीची तरतूद नियमांत आहे. ती नेमाने, कोणतीही वर्दी न देता व्हावी, आणि तिचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, हे माझे पहिले म्हणणे. ज्याला तपासायचे त्याच्याच पैशावर तपासणारा अवलंबून राहू नये.

दुसरे म्हणणे आपल्या गावाचे आहे. वस्त्रोद्योगासाठी त्या पहिल्या फेरीतली मर्यादा वर्षाला ३,००० टन तेलाइतकी होती. विजेच्या भाषेत हे जवळपास साडेतीन कोटी युनिट होतात. आपली जिनिंग, डाळमिल, तेलघाणी यांतले कोण तिथवर पोहोचणार? म्हणजे कायद्याची सक्ती त्यांना नाही, आणि परवानाधारकाची फी त्यांना परवडत नाही. परवान्याने दर्जा वाढतो तशी फीही वाढते, ही त्याची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा कायद्याने केंद्रात आणि राज्यात ज्या ऊर्जा संवर्धन निधीची तरतूद केली आहे, त्यातला वाटा लहान कारखान्यांच्या तपासणीसाठी खुला राहिला पाहिजे.

आणि तिसरे. आपल्या गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याची वाट धरतो. त्यातल्या दोघाचौघांनी ही परीक्षा द्यावी, आणि त्यांचे शुल्क येथील व्यापारी मंडळींनी मिळून उचलावे. सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे असतात, हे विसरू नये.

परवाना फुकट वाटला तर त्याची किंमत राहत नाही, आणि सारा भार उमेदवारावर टाकला तर गरिबाचा मुलगा बाहेर राहतो. परीक्षा उमेदवाराच्या खर्चाने होऊ द्या, पण पहारा समाजाच्या खर्चाने ठेवा. बाजाराच्या दिवशी आपण मापाड्याच्या हाताकडे पाहत उभे राहतो ना? तेवढीच नजर या नव्या मापाड्यावरही असू द्या.

आता जाताना सभागृहातले पंखे तेवढे बंद करू या.