जागा घेताना बाईचा दिवस मोजा

(मुंबईतल्या वस्त्यांमधील महिला मंडळांच्या एकत्रित मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मेळाव्याच्या ताईंनी मला विषय कळवला तो असा : 'मुंबईत घर घ्यायचं तर कुठल्या भागात घ्यावं?' मी म्हटलं, हा विषय तर इस्टेट एजंटचा, त्यात मला कशाला बोलावता? त्या म्हणाल्या, "एजंटकडे आमच्या बायका जातच नाहीत, नवरे जातात. म्हणून तुम्ही या." हे मला पटलं.

मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. आमच्याकडे येणारी बाई घराच्या किमतीची तक्रार घेऊन येत नाही. मारहाण, दारू, संशय, सोडून देणं, हेच विषय असतात. पण माहितीचा फॉर्म भरताना 'नोकरी' हा रकाना येतो आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं : "आधी होती. जागा घेतली तेव्हा सोडली." जागा घेतली ही घरातली आनंदाची गोष्ट, पेढे वाटण्याची. मग तिच्यापायी बाईची नोकरी का सुटावी? आज मी एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

हे कसं घडतं ते बघू. समजा लालबाग-काळाचौकीकडे दहा बाय बाराची खोली आहे. माणसं पाच. मुलगी मोठी झाली, तिला अभ्यासाला कोपरा नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. जागा घ्यायचं ठरतं. हाताशी आहेत तेवढ्या पैशांत दादर-परळला काही मिळत नाही, कुर्ला-भांडुपला जेमतेम एक खोली मिळते आणि बदलापूरला किंवा विरारला हॉल, बेडरूम, किचन. हिशेब होतो तो चौरस फुटांचा : एवढ्या लाखांत किती फूट? असा हिशेब केला की लांबचा भाग दर वेळी जिंकतो. मग रविवारी बिल्डरच्या गाडीतून सगळं कुटुंब जागा बघायला जातं. रस्ता मोकळा, गाडीत थंडगार हवा, सॅम्पल फ्लॅटमध्ये ओट्यावर गुळगुळीत काळा दगड. रविवारी दुपारी बदलापूर फार जवळ असतं.

सोमवारी ते लांब जातं. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर, बदलापूर सीएसएमटीपासून ६८. नुसत्या गाडीत सव्वा ते दीड तास. घर ते स्टेशन शेअर रिक्षा, पूल चढणं-उतरणं, गाडी चुकली तर पुढची, उतरल्यावर बस. सगळं मिळून जाऊन-येऊन चार तास धरा. महिन्याचे २५ दिवस म्हणजे १०० तास झाले. पुरुषही हे १०० तास घालवतो, त्याचे हालही मी कमी लेखत नाही. फरक घरी पोचल्यावर पडतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आढळलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात. पुरुषांपैकी जे मुळात घरकाम करतात त्यांची मिनिटं ८८. म्हणजे जवळपास पाच तास एकीकडे आणि दीड तास दुसरीकडे. या पाच तासांत प्रवासाचे चार तास आणि नोकरीचे आठ-नऊ मिळवा. मग झोप किती उरते ते तुम्हीच सांगा.

लोकलच्या बायकांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायकांचे फोटो वर्तमानपत्रांतून मोठ्या कौतुकानं छापून येतात. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हापासून हे कौतुक चालू आहे. डब्यातली मैत्री खरी आहे, हळदीकुंकू नि डोहाळजेवणंही होतात. पण ती भाजी डब्यात निवडावी लागते, कारण घरी ती निवडायला वेळ नाही आणि दुसरं कुणी ती निवडत नाही. याचं कौतुक काय करायचं!

सहा महिने, वर्षभर बाई हे ओढते. मग मुलाला ताप येतो. पाळणाघरवाली सातच्या पुढे मूल ठेवत नाही आणि सासूबाई जुन्या खोलीतच राहिलेल्या असतात. आणि मग घरात कुणी तरी म्हणतं, "सोड ना, तुझा पगार तो किती?" धरा, बारा हजार आहे. वर्षाचे १ लाख ४४ हजार, पंधरा वर्षांचे २१ लाख ६० हजार, एकही पगारवाढ न धरता. लांबची जागा स्वस्त पडली असं म्हणतो तेव्हा हे साडेएकवीस लाख त्या वहीत कुठल्या पानावर लिहिलेले असतात? शिवाय पगार गेला की घरातलं बोलणं बदलतं. हप्ता तो भरतो, म्हणून घर त्याचं, आणि टीव्हीचा रिमोटही त्याचा.

आता तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणत असतील, ताईंना चाळीचं फार प्रेम दिसतंय. तसं नाही. वयात आलेल्या मुलीनं रात्री दोन वाजता बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला जायचं, पाळीच्या दिवसांत रांगेत उभं राहायचं, याला मी संस्कृती म्हणणार नाही. संडास घरात असणं ही चैन नव्हेच. म्हणून माझं म्हणणं नीट ऐका. कामाच्या, शाळेच्या आणि आपल्या माणसांच्या जवळ, आत संडास-मोरी असलेली लहान जागा मिळत असेल, तर ती लांबच्या दोन खोल्यांपेक्षा घ्यावी. हॉलमध्ये सोफा मावला नाही तरी चालेल. आणि 'जवळ' हे मुंबईच्या नकाशावरून ठरत नाही. अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करणारी, विरारच्या शाळेत शिकवणारी बाई असेल, तर तिच्यासाठी दादरच लांब. अंतर तिच्या पायांपासून मोजा, एवढंच सांगते.

मोजायचं कसं? जाहिरातीत लिहितात 'स्टेशनपासून पाच मिनिटं'. बिल्डरच्या मोटारीला पाच मिनिटं लागत असतील! तुम्ही कामाच्या वारी जा. दोघीजणी मिळून जा, नवऱ्याला घरी मुलं सांभाळायला ठेवून. संध्याकाळच्या गर्दीच्या गाडीनं जा, साडेआठला स्टेशनवर उतरा आणि जागेपर्यंत चालत जा. दिवे कुठपर्यंत आहेत? शेअर रिक्षा किती वाजता बंद होते आणि नंतर रिक्षावाला किती मागतो? वाटेत उघडी दुकानं आहेत की नुसत्या पत्र्याच्या भिंती? शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या काकूंना विचारा, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं आणि टँकरचे महिन्याला किती जातात. पुरुष पाणी 'आहे का' विचारतात. बायकांना माहीत असतं की प्रश्न 'कधी येतं' हा आहे. पहाटे चारला येत असेल तर उठणार कोण? बाळंतपणाचं सरकारी किंवा पालिकेचं हॉस्पिटल किती लांब, हेही विचारा. आणि जमलं तर पावसाळ्यात एकदा बघून या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुठली गल्ली किती बुडाली, हे तिथल्या जुन्या भाजीवालीला अजून तोंडपाठ असतं.

माझ्या कामातून दिसणारी एक गोष्ट एजंट कधीच सांगणार नाही. चाळीत भांडण झालं तर भिंतीपलीकडे ऐकू जातं. त्याचा जाचही असतो, सगळ्यांना सगळं कळतं. पण हात उगारणाऱ्यालाही ते माहीत असतं. कुणी तरी वहिनी दार ठोठावतेच. नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर, अर्धे फ्लॅट रिकामे, दार लोटलं की आवाज आत. रात्री अकराला अंगावरच्या साडीनिशी बाहेर पडलेली बाई काळाचौकीहून शिवडीला माहेरी चालत जाऊ शकते. बदलापूरहून ती कुठे जाणार? मुलांचे हात धरून फलाटावर बसून राहिलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सामाईक घर ठरू शकतं. हे फार मोलाचं आहे. पण हुकूम हातात पडेपर्यंतच्या रात्री कुणाच्या आधारानं काढायच्या, याचं उत्तर कायद्यात नाही, ते शेजारात असतं. म्हणून माहेर, मैत्रीण, मंडळ यांपैकी एक तरी अर्ध्या तासाच्या आत असावं. ही अट मी चौरस फुटांच्या वर ठेवते.

इथे एक खुलासा करते. 'भाग निवडा' हे मी सहज म्हणतेय, पण निवड सगळ्यांना असते असं नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली किती तरी मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली. ती काही मुंब्र्याची हवा आवडली म्हणून नव्हे. 'आमच्याकडे फक्त शाकाहारी' या पाटीचा अर्थ आपल्याला कळतो. जातीचं नाव न घेता जात विचारायची ती रीत आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानंच, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा पोटनियम वैध ठरवला. आणि एकटी बाई, मग ती घटस्फोटित असो की लग्नच न केलेली, पैसे रोख मोजायला तयार असली तरी तिला विचारतात, "येणं-जाणं कुणाकुणाचं असतं?" तुमच्यातल्या ज्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यांनी हा प्रश्न बैठकीत येईल तेव्हा तोंड उघडावं, एवढी माझी विनंती आहे.

आता कागद. इथे आपल्या बायका हमखास मागे सरतात, "ह्यांना कळतं त्यातलं." पण सुरुवातीची रक्कम भरताना गळ्यातलं मंगळसूत्र सोडून बाकी सगळं सोनं तुमचंच मोडलेलं असतं, तेव्हा वाचायला हवं. स्वस्त भागात धोका जास्त. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं मेली. महारेराचा नंबर आहे म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून तिथे महारेराची नोंदणी मिळवलेली होती. माणसं राहत होती, हप्ते चालू होते. म्हणून बांधकामाची परवानगी पालिकेत जाऊन स्वतः पडताळा, आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. 'येतंय, येतंय' हे प्रमाणपत्र नव्हे.

आणि नाव. चार वेगवेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो. कर्जात नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. सहकर्जदार म्हणून सही केलीत आणि करारनाम्यात नाव नसेल, तर फेडण्याची जबाबदारी तुमची आणि घर त्याचं. सोसायटीत सहयोगी सभासद असणं म्हणजेही मालकी नव्हे, आणि नॉमिनी असणं तर नव्हेच. मालकी म्हणजे नोंदणी झालेल्या करारनाम्यात खरेदीदार म्हणून नाव. झोपडपट्टी पुनर्वसनात घर नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याचा नियम आला तो उगाच नाही. स्वतःच्या पैशानं घेताना मात्र आपण तो आग्रह धरत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बायकांच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. ६० लाखांच्या जागेवर ६० हजार. आधी अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. अट असताना लोक कुरकुरत होते, पण बाईच्या हातून घर काढून घेणं तिच्यामुळे थोडं अवघड होत होतं, असं माझं मत आहे. आता सवलतीपायी घर बायकोच्या नावावर होतं आणि त्याच आठवड्यात तिच्याकडून मुखत्यारपत्रावर सही घेतली जाते, असंही दिसतं. सवलत घ्या, जरूर घ्या. पण सगळे अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्या. नवरा रागावेल, "विश्वास नाही का?" म्हणेल. त्याला शांतपणे सांगा, बँकेनं पन्नास सह्या घेतल्या तेव्हा बँकेला कुणी हे विचारलं नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीचं ताईंशी बोलले आहे. ज्यांनी जागा घेतली आहे त्यांनी करारनामा किंवा इंडेक्स टूची झेरॉक्स आणावी. मूळ कागद आणू नयेत. ज्या घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी एका कामाच्या दिवसाचा कागद करून आणावा : किती वाजता उठले, किती वाजता कुठे होते, झोपले कधी. नवऱ्याचाही तसाच एक. दोन्ही कागद शेजारी ठेवून, कुठला भाग कुणाला परवडतो ते बघू. आता तुम्ही बोला, मी ऐकते.